सांगावे की झाकावे?



गेल्या वर्षी पावसाळा सरल्यावर आमच्या थोरल्या मुलीसाठी एक चांगले स्थळ आले. मुलगा शिकलेला, कामाला लागलेला, घर देवभिरू. त्यांच्या धर्मग्रामातील फादरांनीही दोन शब्द चांगले सांगितले. घरात आनंद होता. पाहुण्यांना बोलवायचा रविवार ठरला आणि त्याच संध्याकाळी आमच्या आत्याबाईंनी आम्हा दोघांना स्वयंपाकघरात बोलावून हळू आवाजात सांगितले, "सगळं सांगा. शेत किती, कर्ज किती, काही लपवू नका. पण ते तेवढं काढू नका. केसात कुणाला दिसतंय?"

'ते' म्हणजे आमच्या मुलीच्या डोक्यात असलेला शंट.

आत्याबाई वाईट मनाच्या नाहीत. ज्या दिवशी लेकराला ऑपरेशनला न्यायचे होते त्या दिवशी गळ्यातली पोत काढून आमच्या हातात देणारी बाई तीच. त्या बोलल्या ते मायेपोटी. म्हणूनच त्या रात्री आम्हा दोघांना झोप आली नाही. सांगावे तर पोरीचे नुकसान. झाकावे तर कोणाचे? सकाळी फादरांकडे गेलो. त्यांनी सर्व ऐकून घेतले आणि म्हणाले, "हे लिहून काढा. हा प्रश्न तुमच्या एकट्या घराचा नाही." आम्ही वर्षभर टाळले. आता मुलीनेच परवानगी दिली आहे, फक्त नाव घालू नका म्हणाली. (नाव न घातल्याने काय होणार, आपल्या धर्मग्रामात हे कोणाचे घर ते एव्हाना सर्वांना कळलेच असेल, पण तिचा शब्द आम्ही पाळतो.)

शंट म्हणजे काय ते आधी सांगितले पाहिजे. आपल्याकडे 'डोक्यात पाणी झाले' एवढेच म्हणतात आणि ऐकणारा घाबरतो. पाणी तर प्रत्येकाच्या डोक्यात असते. मेंदूच्या आत चार पोकळ कप्पे आहेत. त्यांत पाण्यासारखा स्वच्छ द्रव सतत तयार होतो, मेंदूभोवती आणि पाठीच्या कण्यात फिरतो आणि रक्तात शोषला जातो. मोठ्या माणसात एका वेळी हा द्रव साधारण १५० मिलिलिटर असतो आणि दिवसभरात सुमारे ५०० मिलिलिटर नवा तयार होतो. वाट कुठे अडली की तो साचतो, कप्पे फुगतात आणि मेंदू दाबला जातो. लहान बाळाच्या कवटीची हाडे अजून जुळलेली नसतात, म्हणून त्याचे डोके वाढते. या आजाराला जलशीर्ष म्हणतात. कोणाला तो जन्मतःच असतो, कोणाला पाठीच्या कण्याच्या जन्मदोषाबरोबर येतो, कोणाला दिवस भरण्याआधी जन्मल्यामुळे मेंदूत रक्तस्राव होऊन. मेंदूज्वरानंतरही होतो, आणि क्षयाचा मेंदूज्वर आपल्या भागाने विसरू नये. बीसीजीची लस लहान मुलाला मुख्यतः त्याच्यापासूनच वाचवते.

शंट ही या पाण्याला काढून दिलेली दुसरी वाट. मेंदूच्या कप्प्यात एक बारीक सिलिकॉनची नळी, तिला कानामागे एक झडप, आणि तिथून कातडीखालून मान, छाती असे करत पोटापर्यंत दुसरी नळी. झडप ठराविक दाबाला उघडते, जादा पाणी पोटात उतरते आणि पोटातील पडदा ते शोषून घेतो. बाहेरून काही दिसत नाही. कानामागे बोट फिरवले तर बारीकसा उंचवटा लागतो, एवढेच. शस्त्रक्रिया करताना डॉक्टर पोटात नळी मुद्दाम लांब सोडतात. पाच महिन्यांच्या लेकराच्या पोटात एवढी नळी कशाला, असे आम्ही विचारले होते. डॉक्टर म्हणाले, "ती उंच होणार ना! तेव्हा लागेल." आमच्या घरी तोवर ती जगेल की नाही एवढेच बोलणे चालू होते. ती उंच होईल हे पहिल्यांदा त्या डॉक्टरांच्या तोंडून ऐकले.

ही गोष्ट २००१ सालची. हिंगोली जिल्हा होऊन तेव्हा दोन वर्षे झाली होती. बाळाच्या डोक्याचा घेर जन्मताना साधारण ३५ सेंटिमीटर असतो आणि पहिल्या तीन महिन्यांत तो महिन्याला दोनएक सेंटिमीटर वाढतो, हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते. टोपरी मात्र सांगत होती. नवे टोपरे पंधरा दिवसांत घट्ट होई. बाया म्हणत, मोठं डोकं म्हणजे भाग्यवान. डोळे सारखे खाली वळलेले असत, तर म्हणत, पोरगी लाजाळू आहे. पुढे कळले की डोळे असे खाली वळणे हीच त्या आजाराची खूण. मग टाळू फुगली, दूध उलटू लागले, आणि भाग्याची भाषा बदलली. ग्रहणात बाहेर पडली असेल, कोणाचा तरी तळतळाट असेल, आणि सर्वांत जास्त वेळा: मायबापाचे काहीतरी असेल.

बंधुभगिनींनो, हा शेवटचा प्रश्न फार जुना आहे. संत योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाला पाहून खुद्द प्रभूचे शिष्यच विचारतात की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे. प्रभूने दोन्ही नाकारले. हा अध्याय आपण मिस्सात कितीदा ऐकला असेल! पण आपल्या वस्तीत असे लेकरू जन्मले की आपण शिष्यांच्या बाजूला जाऊन उभे राहतो. त्याच अध्यायात पुढे आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे आमचे लक्ष मुलीच्या आजारानंतर गेले. त्या माणसाच्या आईबापांना जेव्हा विचारतात, तेव्हा ते लोकांच्या भीतीने म्हणतात, आम्हाला काही ठाऊक नाही, त्यालाच विचारा. त्या आईबापांत आम्ही स्वतःला ओळखले.

औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, तिला नेले. दोनशेहून अधिक किलोमीटर, एसटीने, लेकरू मांडीवर. तपासताना डॉक्टरांनी डोक्यावर बोटाने हलकेच वाजवून पाहिले आणि कान दिला. नंतर त्यांनी समजावले की आत पाणी साचून हाडांचे सांधे सुटले की आवाज तडा गेलेल्या मडक्यासारखा येतो. डॉक्टरांची ही जुनी परीक्षा आहे. आम्हाला आपल्याच जिल्ह्यातील गोष्ट आठवली. नामदेव महाराजांचे गाव म्हणून ओळखली जाणारी नरसी आपल्या हिंगोलीजवळ. गोरोबाकाकांनी थापटणे घेऊन एकेका संताच्या डोक्यावर थापटी मारली, नामदेव रागावले आणि मडके कच्चे ठरले. मग ते औंढ्याला विसोबा खेचरांकडे गेले, अशी परंपरा सांगते. आमच्या मुलीचे मडके तर देवाघरूनच तडा घेऊन आले होते. ऑपरेशनच्या आदल्या रात्री एका सिस्टरने वाटीतल्या पाण्याने तिचा स्नानसंस्कार केला. जीव धोक्यात असेल तर कोणालाही तो करता येतो. राहिलेले विधी फादरांनी पुढे देवळात पूर्ण केले. तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, "पाण्यानंच गेली असती, आन् पाण्यानंच देवाची झाली."

डॉक्टरांनी बसवलेला शंट भारतीय बनावटीचा होता. तो नसता तर आमची ऐपत नव्हती. त्याच्यामागची हकिकत वर्षे गेल्यावर मुलीनेच शोधून आम्हाला सांगितली. अमेरिकेत फिलाडेल्फियाजवळ जॉन होल्टर नावाचे गृहस्थ कुलुपांच्या कारखान्यात तंत्रज्ञ होते. १९५५ च्या नोव्हेंबरात त्यांना मुलगा झाला, केसी. पाठीच्या कण्याचा दोष आणि डोक्यात पाणी. त्या काळच्या नळ्या तुंबत, नाहीतर पाणी उलटे फिरे. होल्टर वैद्यकशास्त्र शिकलेले नव्हते, पण पाणी एकाच दिशेला कसे सोडायचे हा प्रश्न कारागिराचा आहे हे त्यांनी ओळखले. डॉ. यूजीन स्पिट्झ यांच्याबरोबर बसून त्यांनी घरच्या घरी चीर असलेली छोटी झडप घडवली. १९५६ च्या मार्चमध्ये ती पहिल्यांदा बसवली ती दुसऱ्याच एका मुलाला, कारण केसीची प्रकृती त्या वेळी ऑपरेशन सोसण्यासारखी नव्हती. केसी सुमारे पाच वर्षे जगला. त्याच्यासाठी केलेल्या वस्तूने जगभरातली मुले वाचली.

पुढे १९६० च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या रस्त्यात एका टॅक्सीने चार महिन्यांच्या बाळाची गाडी उडवली. तो मुलगा इंग्रजी बालसाहित्यिक रोआल्ड डाल यांचा. त्याचा शंट पुन्हा पुन्हा तुंबू लागला, तेव्हा डाल यांनी स्टॅनली वेड या यंत्रज्ञाला आणि केनेथ टिल या शल्यचिकित्सकाला एकत्र आणले आणि १९६२ मध्ये तिघांनी नवी झडप तयार केली. तोवर मुलाला तिची गरजच उरली नव्हती. तिघांनीही तिच्यातून नफा घेतला नाही. आपल्या देशात लखनौचे डॉ. डी. के. छाब्रा यांनी स्वस्त शंट तयार केला; तो उत्तर प्रदेशात शाहजहानपूरला बनतो. युगांडातील एका ख्रिस्ती मिशन इस्पितळात डॉ. बेंजामिन वॉर्फ यांनी १९५ मुलांमध्ये हा सुमारे ३५ डॉलरचा शंट आणि ६५० डॉलरचा परदेशी शंट यांची तुलना केली. २००५ साली तिचा निष्कर्ष छापून आला. वर्षभरात दोन्हींच्या परिणामांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही.

ही माहिती आम्ही कौतुकासाठी देत नाही. या दोन्ही बापांनी आपल्या लेकराचे दुखणे घराबाहेर काढले, कारखान्यात नेले, अनोळखी माणसांपुढे मांडले. झाकून ठेवले असते तर आमच्या लेकरापर्यंत काहीच पोहोचले नसते. आणि आम्ही मात्र ऑपरेशन करून घरी आलो आणि पहिले काम केले ते झाकण्याचे.

सात वर्षे झाकले. शाळेत नाव घालताना सांगितले नाही, कारण मास्तर तिला 'तसल्या' मुलांत बसवतील. शेजारी सांगितले नाही. ताप-खोकल्याला ज्या दवाखान्यात नेत असू तिथेही सांगितले नाही. गाव लहान, गोष्ट पसरते. २००८ मध्ये, सोयाबीनच्या काढणीच्या दिवसांत, ती शाळेतून डोके धरून आली. सकाळी उठल्या उठल्या उलटी. दवाखान्यात पित्ताचे औषध मिळाले. ज्याला शंटची माहितीच नाही तो डॉक्टर दुसरे काय देणार? शाळेत बाईंनी लिंबू-सरबत दिले, त्यांचेही काही चुकले नाही. तिसऱ्या दिवशी तिला हाक मारली तर ती जड डोळ्यांनी बघून पुन्हा झोपू लागली. आमच्यापैकी एकाला, ते कोण हे सांगत नाही, त्या क्षणी ऑपरेशनच्या डॉक्टरांचे शब्द आठवले: डोकेदुखी, उलटी, गुंगी, थांबू नका. रात्री जीप केली. नळी वरच्या टोकाला तुंबली होती. तिथल्या डॉक्टरांनी आम्हाला रागावले नाही. "अजून अर्धा दिवस गेला असता तर," एवढे म्हणून ते आत गेले.

शंट हे एकदा बसवून विसरायचे काम नाही, हे आम्हाला तेव्हा कळले. लहान मुलांना बसवलेल्या शंटपैकी साधारण चाळीस टक्के पहिल्या वर्षातच बिघडतात. काहींचे वीस-वीस वर्षे चालतात आणि मग एके दिवशी तुंबतात. काही मुलांना नळी न घालता दुर्बिणीने मेंदूतच पाण्याला वाट करून देता येते; ज्यांची घरे इस्पितळापासून लांब आहेत त्यांच्यासाठी डॉ. वॉर्फ यांनी याच पद्धतीवर भर दिला. प्रत्येकाला ती लागू पडत नाही, आमच्या मुलीला पडली नाही. तेव्हा ती जन्मभर एका झडपेच्या आधाराने जगणार, आणि ती झडप बिघडली तर जवळच्या माणसाला कळले पाहिजे. एवढे साधे आहे. जवळचे माणूस अजाण ठेवले तर आपण लेकराच्या संकटकाळी त्याचे दार बाहेरून लावून घेतो.

झाकण्याचा दुसरा प्रकार आम्हाला अधिक लाजवतो. तिच्यापासूनही आम्ही झाकले होते. ती अकरा वर्षांची होती तेव्हा वेणी घालताना तिने विचारले, "हे इथं काय आहे?" आम्ही लहानपणी पडली होतीस म्हणून सांगितले. ती म्हणाली, "पोटावरची खूणपण पडल्यामुळंच का?" मग बसून सगळे सांगितले. रडेल असे वाटले होते. तिने बराच वेळ कानामागे बोट ठेवले आणि विचारले, "मग मला झोक्यावर बसू देत नव्हता ते ह्याच्यामुळं?" खरेच, झोका नाही, सायकल नाही, सहलीला नाही, गाण्याच्या गटात उभे राहायचे तर उन्हात सराव नाही. यातले किती डॉक्टरांनी सांगितले होते? डोक्याला जबर मार बसणारे खेळ टाळा, एवढेच. बाकी सारे आमच्या भीतीने ठरवले होते. मेंदूचा दाब झडपेने कमी केला आणि आमच्या काळजीचा दाब आम्ही तिच्या डोक्यावर ठेवला.

तिला कळल्यावर घरातले वातावरण मोकळे झाले. डोके दुखले तर हे रोजचे की वेगळे, ते ती स्वतः सांगू लागली. सायकल शिकली, पडली, गुडघे फोडून घेतले. बी.एस्सी. झाली, बी.एड. झाली, आज शाळेत शिकवते. देवळात दुसऱ्या वाचनाला तिचा आवाज आपण ऐकता. तिला गणित जड गेले आणि अजून वाटा चटकन लक्षात राहत नाहीत. नांदेडच्या बाजारात ती दोनदा चुकली आहे. तेही सांगितले पाहिजे, नाहीतर आम्ही पुन्हा झाकण्याकडेच जाऊ. शंट असलेले प्रत्येक मूल तिच्यासारखे शिकेल असेही नाही. मेंदूला आधीच किती इजा झाली त्यावर ते अवलंबून असते. काही लेकरे चालत नाहीत, काही बोलत नाहीत. प्रभूने भरभरून जीवन देण्याचे वचन दिले ते पदवी घेणाऱ्यांपुरते दिलेले नाही.

आता मूळ प्रश्न. लग्नाच्या बोलण्यात सांगावे का?

आत्याबाईंच्या बाजूने बोलायचे तर पुष्कळ आहे. सांगा म्हणून उपदेश करणाऱ्याचे काही जात नाही. जाते ते मुलीचे. मुलाकडच्यांनी त्यांची सारी दुखणी सांगितली असतील याची खात्री कोण देतो? कोणाला साखर असते, कोणाला व्यसन असते, ते लग्नानंतर कळते. मुलीच्याच डोक्यावर थापटणे का? हा राग आम्हाला खरा वाटतो. आणि प्रत्येकाला आपल्या शरीराचे काही स्वतःपाशी ठेवण्याचा हक्क आहे. संत पौलाने आपल्या शरीरातील काट्याविषयी करिंथकरांना लिहिले, तो निघावा म्हणून तीनदा विनवले असेही लिहिले. पण तो काटा म्हणजे नेमके काय ते लिहिले नाही. दोन हजार वर्षे विद्वान तर्क करीत आहेत! सगळ्या सभेला काटा आहे एवढे कळणे पुरेसे होते. त्याच्या जवळच्या सोबत्यांना मात्र तो ठाऊक असणार, असे आम्हाला वाटते.

आम्ही ज्या निर्णयाला आलो तो असा. गल्लीला सांगण्याचे बंधन नाही. बाजारात, लग्नाच्या मांडवात, एसटीत कोणी विचारले तर उत्तर द्यायचे की नाही हे तिने ठरवावे. पण ज्याच्या भरवशावर तिचा जीव राहणार आहे त्याला न सांगणे हा तिच्या जिवाशी खेळ आहे. डॉक्टर, शाळा, आणि नवरा व त्याचे घर. उठलेल्या प्रभूने आपल्या जखमा पिलाताला किंवा कयफाला नेऊन दाखवल्या नाहीत. बंद दाराआड आपल्या माणसांना दाखवल्या. त्या जखमा पुनरुत्थानानंतरही बुजल्या नव्हत्या, हे थोमाला हात लावायला सांगताना दिसते.

ख्रिस्तसभेचा कायदाही येथे बोलतो. धर्मविधिसंहितेचा १०९८ वा नियम सांगतो की संमती मिळवण्यासाठी कपटाने फसवून, वैवाहिक सहजीवन गंभीरपणे बिघडवू शकेल असा एखादा गुण वा दोष लपवून केलेला विवाह वैध ठरत नाही. शंट हा असा दोष आहे असे आम्ही मुळीच मानत नाही. शंट असलेल्या स्त्रिया संसार करतात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली बाळंत होतात. आमच्या मुलीचा आजार मुलाबाळांत उतरण्यासारखा नाही असे डॉक्टरांनी तपासून सांगितले आहे. सहजीवन बिघडवते ते लपवणे. वेणी घालताना नवऱ्यापासून मान वळवायची, डोके दुखले तरी हसायचे, सासरच्या घरात तिसऱ्या दिवशीही पित्ताचे औषध घ्यायचे: असा संसार लेकीला द्यायचा का?

आणि एक गोष्ट, जी आम्हाला या वर्षी उमगली. आमच्यासारखी घरे झाकतात, म्हणून शंट घेऊन मोठे झालेले माणूस कोणाला दिसतच नाही. मग एखाद्या तरुण जोडप्याला पाचव्या महिन्यात सोनोग्राफी करणारे सांगतात की बाळाच्या डोक्यात पाणी आहे, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे काय येते? २०१३ साली वर्तमानपत्रांत छापून आलेली त्रिपुराच्या त्या बाळाची छायाचित्रे, जिच्या डोक्याचा घेर ९४ सेंटिमीटर झाला होता. शाळेत शिकवणारी तरुणी डोळ्यांपुढे येत नाही, कारण ती केसांत झाकलेली असते. २०२१ च्या कायद्यानंतर गंभीर दोष ठरल्यास, वैद्यकीय मंडळाने मान्यता दिल्यावर, २४ आठवड्यांनंतरही गर्भपात करता येतो. ख्रिस्तसभेची शिकवण आपण जाणतो. पण भेदरलेल्या जोडप्याला नुसती शिकवण ऐकवून निघून जाणे आम्हाला कठोर वाटते. त्यांना एक जिवंत माणूस भेटला पाहिजे. दोष किती गंभीर आहे, पुढे काय उपचार आहेत, हे सांगणारा जाणकार डॉक्टर भेटला पाहिजे. मुंबईत डॉ. संतोष करमरकर यांच्या पुढाकाराने स्पायना बायफिडा फाउंडेशन ही संस्था अशा मुलांसाठी काम करते. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत मुले तपासतात. आमच्या वेळी यातले आम्हाला काहीच ठाऊक नव्हते. आणि गर्भ राहण्याआधीपासून फॉलिक अ‍ॅसिडची गोळी घेतली तर पाठीच्या कण्याचे दोष पुष्कळ टळतात, हे १९९१ मध्येच मोठ्या अभ्यासातून सिद्ध झाले आहे. आपल्या महिला मंडळाने ही गोळी नव्या सुनांपर्यंत पोहोचवावी, ही आमची विनंती.

त्या रविवारी पाहुणे आले, तेव्हा चहानंतर आम्ही सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले. चार दिवसांनी निरोप आला, मुलाला अजून दोन वर्षे थांबायचे आहे. त्यांच्यावर आमचा राग नाही. माहिती नसती तर आम्हीही असेच केले असते. मुलगी त्या संध्याकाळी गच्चीवर जाऊन रडली, आणि आत्याबाई दोन दिवस आमच्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्या स्वतः देवळात येऊन पवित्र मरियेपुढे मेणबत्ती लावून गेल्या.

पास्काच्या सणानंतर दुसरे स्थळ आले. या वेळी मुलगी म्हणाली, मीच सांगते. खुर्चीत नीट बसून तिने नळी कुठून कुठे जाते ते सांगितले, दोनदा ऑपरेशन झाले ते सांगितले, कोणत्या खुणा दिसल्या तर थांबायचे नाही तेही सांगितले. वर्गात शिकवते तशीच. मुलगा खाली बघत होता. त्याचे वडील आमच्याकडे बघत होते. अजून काही ठरलेले नाही, आणि ठरेल की नाही ते देव जाणे. मुलाची आई मात्र पुढे सरकली आणि म्हणाली, "रात्री-अपरात्री दुखलं तर न्यायचं कुठं, बाई? तेवढं लिहून दे." मुलीने पर्समधले कार्ड काढून त्यांच्या हातात दिले.